राखेचा लोट की साधा ढग? उपग्रहचित्रांत ज्वालामुखीचा उद्रेक ओळखण्याची रीत

२३ मे २००६ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरून जात होतं. खिडकीशी असलेल्या जेफ विल्यम्स या अंतराळवीराला खाली क्लीव्हलँड ज्वालामुखीच्या तोंडातून करडा लोट निघताना दिसला. त्याने फोटो काढले आणि अलास्काच्या ज्वालामुखी वेधशाळेला कळवलं. दोनेक तासांत तो लोट डोंगरापासून पार सुटला आणि वाऱ्याबरोबर निघून गेला. विल्यम्स थोडा उशिरा तिथून गेला असता, तर त्याला वाऱ्यावर निघालेला एक बिनमुळाचा करडा ढग तेवढा दिसला असता.

या प्रसंगातली खरी गोष्ट ‘मूळ’ ही आहे. राखेचा लोट किलोमीटरमागून किलोमीटर पसरतो, वळतो, फाटतो, पण उद्रेक चालू असेतोवर त्याचं एक टोक एकाच जागी खिळलेलं असतं. ढगांना असं खिळलेलं टोक सहसा नसतं. ‘सहसा’ म्हणतोय, कारण काही ढग इथेही फसवतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

अवकाशात जायची गरज नाही. ब्राउझर, बऱ्यापैकी इंटरनेट आणि थोडा धीर असला की पुरे. सगळी चित्रं फुकट मिळतात. अडचण चित्रं मिळवण्याची नाही, त्यांतलं काय मानायचं आणि काय नाही याची आहे.

कोणता उपग्रह काय दाखवतो

उपग्रह दोन जातींचे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी उंचीवर एकाच रेखांशावर ठाण मांडून बसतात. जपानचा हिमावारी, अमेरिकेचे गोज, युरोपचे मेटिओसॅट आणि भारताचे इन्सॅट हे या जातीतले. हिमावारी आणि गोज दर दहा मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण चकती टिपतात. त्यांची नजर मात्र जाड: इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे उष्णतेच्या अदृश्य किरणांत, एक पिक्सेल साधारण २ किमीचा, आणि चकतीच्या कडेला त्याहून मोठा.

ध्रुवीय कक्षेतले उपग्रह सातआठशे किलोमीटरवरून जातात. टेरा आणि अ‍ॅक्वावरचं मोडिस, सुओमी एनपीपी आणि एनओएए मालिकेवरचं व्हीआयआयआरएस ही त्यांवरची उपकरणं. ती बारीक पाहतात, पण एका जागी दिवसा एकदा आणि रात्री एकदाच येतात. सेंटिनेल-२ तर १० मीटरपर्यंत बारीक पाहतो, पण एकाच जागी परत यायला त्याच्या जोडीला पाच दिवस लागतात. थोडक्यात, भूस्थिर उपग्रह गावच्या चौकीदारासारखे आणि सेंटिनेल हा भिंग घेऊन येणारा तपासनीस. उद्रेकाचा तास शोधायचा तर चौकीदाराला विचारा, विवराची कड ढासळली का हे तपासनीसाला.

पायरी १: जागा आणि घड्याळ पक्कं करा

बातमी वाचून थेट चित्र उघडलं की निम्मा वेळ चुकीच्या दिवशी शोधण्यात जातो. सगळी उपग्रहचित्रं यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार लावलेली असतात. कुरिल बेटांतल्या रायकोकेचा २०१९चा उद्रेक तिथल्या घड्याळानुसार २२ जूनच्या पहाटे सुरू झाला, पण यूटीसीनुसार तेव्हा २१ जूनचे संध्याकाळचे सहा वाजले होते. पॅसिफिकमधल्या उद्रेकांत ही गफलत हमखास होते. म्हणून कागदावर आधी ज्वालामुखीचे अक्षांश-रेखांश, स्थानिक वेळ आणि यूटीसी वेळ लिहून ठेवा. फाल्तू वाटतं, पण करा.

अक्षांश-रेखांश स्मिथसोनियन संस्थेच्या ग्लोबल व्होल्कॅनिझम प्रोग्रॅमच्या यादीत मिळतात. तिथे दर आठवड्याला चालू उद्रेकांचा अहवालही निघतो. तो वाचायची सवय लावली की कळतं, जगात कुठल्याही क्षणी चाळीस-पन्नास ज्वालामुखींचे उद्रेक कमीअधिक चालूच असतात. बातमीत येतात ते दोन-चार.

दुसरा झरा म्हणजे विमानांना राखेचे इशारे देणारी ज्वालामुखीय राख सल्ला केंद्रं. जगात अशी नऊ आहेत: अँकरेज, ब्युनोस आयरेस, डार्विन, लंडन, माँट्रियल, टोकियो, तुलूझ, वॉशिंग्टन आणि वेलिंग्टन. प्रत्येकाला आकाशाचा एकेक तुकडा वाटून दिलेला आहे. इंडोनेशिया डार्विनकडे, आइसलँड लंडनकडे, पूर्व आफ्रिका तुलूझकडे. त्यांचे सल्ले कसे वाचायचे ते शेवटाकडे सांगतो.

पायरी २: खऱ्या रंगातलं चित्र, आणि त्यातले ठग

नासाचं वर्ल्डव्ह्यू हे उपग्रहचित्रांचं स्थळ उघडा, तारीख टाका, ज्वालामुखीच्या जागी झूम करा. सकाळच्या फेरीचं टेराचं चित्र आणि दुपारच्या फेरीचं व्हीआयआयआरएसचं चित्र असे दोन लेअर लावा आणि एक उघडा-एक झाका असं आलटूनपालटून पाहा. सकाळी होता तिथेच दुपारी लोटाचं मूळ आहे का? असेल, तर पहिली परीक्षा पार पडली.

आता रंग. ताजी, दाट राख तपकिरी किंवा करडी दिसते. बर्फाच्या मैदानावर किंवा पांढऱ्या ढगांवर ती डागासारखी उठून दिसते, समुद्रावर मात्र पातळ झाली की निळसर-भुऱ्या धुक्यात हरवते. पांढराशुभ्र लोट बहुतेक वेळा वाफेचा असतो, पण एवढ्यावरून ‘राख नाही’ असं म्हणू नका. उद्रेकात पाण्याची वाफ प्रचंड असली की वर जाताना तिचा बर्फ होतो आणि राखेच्या कणांवर बर्फाचं पांढरं पांघरूण चढतं. पापुआ न्यू गिनीतल्या राबाउलच्या १९९४च्या उद्रेकात हेच झालं होतं: समुद्राचं पाणी लोटात शिरलं आणि ढग बर्फाने इतका भरला की राख ओळखण्याची नेहमीची युक्तीच चालेना.

आता ठग. पहिला, डोंगराचा ढग. उंच एकट्या शिखरावरून दमट वारा चढला की शिखराला ढगाची शेंडी चिकटते आणि वाऱ्याच्या दिशेने लांब पसरते. तिचंही मूळ एकाच जागी खिळलेलं! मी सुरुवातीला अशा एका शेंडीच्या चित्रावर मोठ्या उत्साहाने ‘उद्रेक’ लिहून मित्रांना धाडलं होतं. दुसऱ्या दिवशी तसाच ढग शेजारच्या, हजारो वर्षं थंड असलेल्या शिखरावरही निघाला. तेव्हापासून एक नियम: संशयित डोंगर पाहिला की आजूबाजूचे त्याच उंचीचे डोंगर पाहायचेच. सगळ्यांनाच शेंडी असेल तर ती वाऱ्याची करामत.

दुसरा ठग वाळवंटाची धूळ. तिचं मूळ बिंदू नसतं, रुंद पट्टा असतो. तिसरा वणव्याचा धूर. तो बिंदूतून निघतो, रंगही निळसर-करडा, आणि ज्वालामुखीच्या उतारावर जंगल असेल तर लाव्हानेच वणवा लावलेला असू शकतो, म्हणजे दोन्ही खरं.

चौथा मात्र मला सगळ्यांत मजेदार वाटतो: जुनी राख. अलास्कातल्या नोवारुप्ताचा उद्रेक जून १९१२मधला. तिथल्या दरीत साठलेली राख शंभराहून अधिक वर्षांनीही जोराचा कोरडा वारा सुटला की उडते आणि उपग्रहाला समुद्रावर पसरलेला खराखुरा राखेचा पट्टा दिसतो. राख खरी, उद्रेक नाही. विमानाच्या इंजिनाला हा फरक कळत नाही, म्हणून अशा राखेचेही इशारे दिले जातात. ओळखायची खूण म्हणजे राख डोंगराच्या तोंडातून न निघता दरीच्या रुंद पट्ट्यातून, जमिनीलगत निघते आणि वारा पडला की संपते.

पायरी ३: दहा मिनिटांची फिल्म

एक चित्र खोटं बोलू शकतं, पण वीस चित्रं एकाच सुरात खोटं बोलणं अवघड. सीरा स्लायडर हे भूस्थिर उपग्रहांच्या चित्रांचं स्थळ किंवा जपानच्या एनआयसीटी या संशोधन संस्थेचं हिमावारीचं स्थळ उघडा, वेळेचं अंतर दहा मिनिटं ठेवा, आणि उद्रेकाच्या अंदाजे वेळेच्या एक तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत चित्रं फिरवा.

पाहायचं एकच: ढग वाऱ्याच्या विरुद्धही पसरतोय का? जोरदार उद्रेकाचा लोट वर जाऊन जिथे भोवतालच्या हवेइतकाच जड होतो तिथे थांबतो आणि चहूकडे छत्रीसारखा उलगडतो. मागून सतत माल येत असतो, त्यामुळे छत्रीची कड वाऱ्याला रेटून उलट्या दिशेनेही सरकते. साधा ढग वाऱ्याच्या उलट जायला धजत नाही. मेघगर्जनेच्या मोठ्या वादळांचे माथेही असे पसरतात हे खरं, पण ती वादळं स्वतः जागा सोडत चालतात. छत्रीचा दांडा रोवलेला असतो.

याचा कळस म्हणजे १५ जानेवारी २०२२ला टोंगामधल्या हुंगा टोंगा–हुंगा हापाई या समुद्रातल्या ज्वालामुखीचा उद्रेक. यूटीसी चारच्या सुमारास, म्हणजे तिथल्या संध्याकाळी पाचला, हिमावारीच्या चित्रात समुद्रावर एक बुडबुडा फुगला. पुढच्या काही चित्रांत, म्हणजे तासाभराच्या आत, तो शेकडो किलोमीटरचा झाला. सूर्य मावळतीला असल्यामुळे लोटाची सावली खालच्या छत्रीवर लांबच लांब पडलेली दिसते. त्याच फिल्मला इन्फ्रारेडमध्ये लागोपाठच्या चित्रांची वजाबाकी करून पाहिलं तर दाबाची लाट वर्तुळाकार पसरताना दिसते. तीच लाट पुढे पृथ्वीला अनेक फेऱ्या मारून गेली. छत्रीत विजा मिनिटाला २,६०० हून अधिक या वेगाने चमकल्या. गोज उपग्रहावर विजा मोजणारं उपकरण आहे, त्याचा लेअर चित्रावर चढवता येतो. पावसाळी ढग नसताना समुद्रातल्या एका ठिपक्यावर विजांचा गुच्छ दिसला तर सावध व्हा.

पायरी ४: इन्फ्रारेडमधली वजाबाकी

हा या सगळ्याचा गाभा, म्हणून इथे जरा रेंगाळू.

रात्री खऱ्या रंगाचं चित्र मिळत नाही. दिवसाही राख पातळ झाली की डोळ्याला दिसत नाही, पण विमानाला धोका असतोच. राखेचे कण म्हणजे काचेचा आणि सिलिकेट खनिजांचा बारीक चुरा. जेट इंजिनाच्या आतलं तापमान त्यांच्या वितळबिंदूहून जास्त, त्यामुळे राख आत जाऊन वितळते आणि पुढे थंड भागावर काचेसारखी थापली जाते. २४ जून १९८२ला जावा बेटाजवळ गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली. वैमानिकांच्या हवामान रडारवर काहीच नव्हतं, कारण ते पावसाचे थेंब पाहतं, कोरडी बारीक राख नाही. इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. १५ डिसेंबर १९८९ला अलास्कात रिडाउटच्या राखेत केएलएमच्या विमानाचीही तीच गत झाली. तेही सुखरूप उतरलं.

मग राख आणि ढग वेगळे कसे काढायचे? १९८९मध्ये फ्रेड प्राटा यांनी मांडलेली युक्ती आजही पाया आहे. जमिनीतून किंवा समुद्रातून वर येणारी उष्णता ढगातून गाळून उपग्रहाकडे जाते. ११ मायक्रॉन आणि १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) या दोन शेजारच्या तरंगलांबींवर ती मोजायची. पाण्याचे आणि बर्फाचे कण १२वर जास्त शोषतात. सिलिकेटची राख उलट ११वर जास्त शोषते. म्हणून ११वरच्या तापमानातून १२वरचं वजा केलं की साध्या ढगाला उत्तर धन येतं आणि राखेला ऋण. एवढीच गंमत.

तुम्हाला वजाबाकी करत बसायची गरज नाही. स्लायडरवर ‘अ‍ॅश’ नावाचं तयार रंगचित्र असतं. त्यात लाल रंग १२ वजा ११ या फरकाला दिलेला, हिरवा ११ वजा ८.६ला आणि निळा ११ मायक्रॉनच्या सरळ तापमानाला. अर्थ असा लावायचा: गुलाबी-लालसर म्हणजे राख, ठसठशीत हिरवं म्हणजे सल्फर डायऑक्साइड, पिवळं म्हणजे दोन्हींची सरमिसळ. उंच, जाड बर्फाळ ढग तपकिरी, पातळ उंच ढग काळसर. हे रंग पहिल्यांदा पाहताना सगळं रंगपंचमीसारखं वाटतं. आठवडाभर रोज उद्रेक नसलेलं आकाशच पाहा, म्हणजे ‘नेहमीचं’ कसं दिसतं ते डोळ्यात बसेल. हा सराव टाळणारे प्रत्येक गुलाबी डाग पाहून दचकतात.

ही युक्ती फसते तेही पाठ करा. लोट अतिशय जाड असेल तर उष्णता आरपार जातच नाही, फरक शून्याजवळ येतो. म्हणून उद्रेकाच्या तोंडाशी, पहिल्या तासात, गुलाबी रंग दिसला नाही तरी नवल नाही. तो कडेला आणि वाऱ्याच्या दिशेने, लोट विरळ झाला तिथे उमटतो. बर्फाने मढलेली राख गुलाबी होत नाही. दमट उष्ण कटिबंधात खालची बाष्पाची चादर राखेची खूण पुसट करते. वाळवंटाची धूळ मात्र झकास गुलाबी दिसते, कारण तीही सिलिकेटच, आणि थंड रात्री उघड्या वाळवंटी जमिनीवर राख-धूळ काहीच नसताना ऋण फरक येऊ शकतो. गुलाबी डाग दिसला की पुन्हा तोच प्रश्न: याचं मूळ कुठे?

पायरी ५: गंधकाचा माग

सल्फर डायऑक्साइड हवेत सहसा एवढ्या प्रमाणात नसतो, त्यामुळे त्याचा मोठा डाग दिसला की संशयाला फारशी जागा उरत नाही. १९८२मध्ये मेक्सिकोतल्या एल चिचोनच्या उद्रेकात हा वायू अवकाशातून पहिल्यांदा मोजला गेला, तोही ओझोन मोजायला सोडलेल्या टॉम्स या उपकरणाने. १५ जून १९९१च्या, फिलिपिन्समधल्या पिनाटुबोच्या उद्रेकातून १.५ ते २ कोटी टन वायू वर गेला, त्या ढगाने सुमारे तीन आठवड्यांत पृथ्वीला वळसा घातला आणि त्यातून बनलेल्या कणांनी जगाचं सरासरी तापमान तात्पुरतं सुमारे अर्धा अंश खाली आणलं.

आज कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या उपग्रहचित्रांच्या स्थळावर सेंटिनेल-५पी निवडा, त्यात सल्फर डायऑक्साइडचा लेअर. हा २०१७पासूनचा उपग्रह दिवसातून एकदा, स्थानिक दुपारी दीडच्या सुमारास जातो आणि अतिनील प्रकाशात पाहतो, म्हणजे रात्र आणि ध्रुवीय हिवाळा बाद. दोन इशारे. दक्षिण अमेरिका आणि दक्षिण अटलांटिकवर विखुरलेले सुटे ठिपके दिसतील, ते वायूचे नव्हेत. तिथे पृथ्वीचं चुंबकीय कवच दुबळं असल्यामुळे कणांचा मारा उपकरणाला छळतो. आणि हा वायू जिथे आहे तिथे राख आहेच असं नाही. राख जड, लवकर खाली बसते. वायू आठवडाभर हिंडतो. वाऱ्याची दिशा उंचीनुसार बदलत असेल तर दोघं वेगळ्याच वाटांनी जातात. बातम्यांत मात्र दोन्हींना सरसकट ‘राखेचा ढग’ म्हटलं जातं.

२३ नोव्हेंबर २०२५ला इथिओपियातल्या हायली गुब्बीचा उद्रेक झाला. त्या ज्वालामुखीच्या उद्रेकाची त्याआधी नोंदच नव्हती. लोट तांबडा समुद्र ओलांडून येमेन-ओमानवरून, उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर बसून दुसऱ्या दिवशी उत्तर भारतापर्यंत आला आणि विमानं रद्द झाली. तो माग काढायचा तर खऱ्या रंगाचं चित्र पुरत नाही. गंधकाचा लेअर आणि राखेचं रंगचित्र शेजारी-शेजारी उघडा आणि दोघांच्या कडा जुळतात की नाही ते पाहा.

पायरी ६: धग

फर्म्स या नासाच्या स्थळावर व्हीआयआयआरएसचे उष्ण ठिपके दिसतात. ३७५ मीटरच्या पिक्सेलमध्ये लाव्हाचा छोटा तुकडा असला तरी ४ मायक्रॉनच्या आसपास तो झळकतो, आणि रात्री सूर्यप्रकाशाची भेसळ नसल्यामुळे जास्तच. ठिपका पिक्सेलच्या मध्यावर काढलेला असतो, म्हणून तो विवरापासून पाव किलोमीटर सरकलेला दिसला तर नवा फाटा फुटला असं समजू नका. आणि ठिपका नसला म्हणजे उद्रेक नाही असंही नाही: जाड लोट किंवा ढग ती धग झाकून टाकतो.

आकाश मोकळं असेल तर सेंटिनेल-२चं लघु-अवरक्त (आखूड तरंगलांबीच्या इन्फ्रारेडमधलं) चित्र घ्या, बँड १२, ८-ए आणि ४चं. जंगल हिरवं, तापलेला लाव्हा नारिंगी-लाल, सर्वांत तप्त भाग पिवळट. ला पाल्मा बेटावर १९ सप्टेंबर २०२१ला सुरू झालेल्या उद्रेकाची चित्रं एकामागून एक उघडलीत, तर लाव्हाची जीभ घरं-बागा गिळत समुद्राकडे उतरताना दिसते. २८ सप्टेंबरच्या रात्री ती पाण्याला टेकली.

ढग हटतच नसतील तर सेंटिनेल-१चं रडार. ते ढग, राख, रात्र, काहीच जुमानत नाही. २२ डिसेंबर २०१८ला इंडोनेशियातल्या अनाक क्राकाटाऊ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात कोसळली आणि त्सुनामी आली. डोंगर दिवसेंदिवस लोटाखाली झाकलेला होता, पण रडारने त्याचा तुटका आकार दाखवला. ३३८ मीटरचं शिखर ११० मीटरवर आलं होतं.

पायरी ७: उंची काढणं

लोट किती उंच गेला यावर सगळं ठरतं: विमानमार्ग, राख किती लांब जाईल, हवामानावर परिणाम होईल का. चार रीती आहेत, आणि त्यांतल्या निदान दोन जुळल्याशिवाय आकडा कुणाला सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

सावली. सगळ्यांत सोपी, आणि हाताने करण्यासारखी. वर्ल्डव्ह्यूत अंतर मोजायची पट्टी आहे. लोटाच्या माथ्यापासून समुद्रावर पडलेल्या त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत, सूर्याच्या विरुद्ध दिशेत, अंतर मोजा. उपग्रह त्या जागेवरून कधी गेला ते कक्षामार्गाच्या लेअरवर मिळतं. त्या वेळी, त्या जागी सूर्य क्षितिजापासून किती अंशांवर होता ते कुठल्याही सूर्यस्थितीच्या गणकयंत्रावर काढा. उंची म्हणजे सावलीची लांबी गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट. सावली २० किमी आणि सूर्य २७ अंशांवर असेल, तर टॅन्जंट ०.५१, म्हणजे लोट सुमारे १० किमी. सावली समुद्रावर न पडता २ किमी उंचीच्या ढगांच्या थरावर पडली असेल तर ते २ किमी मिळवा. भर दुपारी सावली आखूड, तेव्हा चूक मोठी. सकाळ-संध्याकाळची चित्रं घ्या.

तापमान. इन्फ्रारेडमध्ये माथ्याचं तापमान वाचा आणि जवळच्या हवामान फुग्याच्या नोंदीत तेवढं तापमान कुठल्या उंचीवर होतं ते शोधा. ढोबळमानाने दर किलोमीटरला साडेसहा अंश उतार धरला, तर समुद्रसपाटीवर १५ अंश असताना उणे ५० अंशांचा माथा १० किमीवर येतो. लोट पातळ असेल तर खालची ऊब मिसळते आणि उंची कमी निघते. तपांबराच्या (ढग-पाऊस असतो त्या सर्वांत खालच्या थराच्या) वर, स्थितांबरात, हवा पुन्हा गरम होत जाते. मग एकाच तापमानाला दोन उंची मिळतात आणि कुठली खरी ते तापमान सांगत नाही.

वारा. राख ज्या दिशेने आणि वेगाने गेली, तसा वारा कुठल्या थरात होता? विंडीसारख्या स्थळावर थर बदलत पाहा. लोट पंख्यासारखा दोन दिशांना फाकला असेल तर दोन थरांत माल गेलाय. हिशेब ढोबळ, पण खोटा आकडा पकडायला उत्तम.

चौथी, दोन डोळ्यांची रीत. दोन उपग्रह दोन बाजूंनी पाहत असतील तर उंच वस्तू दोघांना वेगवेगळ्या जागी दिसते. बोट नाकासमोर धरून एकेक डोळा मिटून पाहा, तेच. हुंगा टोंगाच्या वेळी तापमानाची रीत कोलमडली, कारण माथा स्थितांबरही ओलांडून गेला होता. मग हिमावारी, गोज आणि कोरियाचा उपग्रह यांची एकाच वेळची चित्रं जुळवून उंची काढली गेली: ५७ किमी. उपग्रहांनी टिपलेला, मध्यांबरात म्हणजे स्थितांबराच्या वरच्या थरात घुसलेला हा पहिला ज्वालामुखीय लोट.

याच भानगडीमुळे एकट्या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रात उंच लोट नकाशावर सरकलेला दिसतो, उपग्रहाखालच्या बिंदूपासून दूर. उपग्रह त्या जागेच्या बरोबर डोक्यावरून ६० अंश कललेला असेल, तर १० किमी उंच लोट १७ किमी सरकतो. आणि इथे माझं ‘मुळावर बोट ठेवा’ हे तत्त्वही गोत्यात येतं: लोटाचं टोक डोंगराच्या बाजूला दिसलं म्हणून उद्रेक दुसरीकडचा ठरवू नका, आधी हे सरकणं वजा करा.

पायरी ८: सल्ला वाचणं

सल्ला केंद्रांचे संदेश सांकेतिक दिसतात, पण सात-आठ ओळींत सगळं असतं: ज्वालामुखीचं नाव, निरीक्षणाची वेळ, राखेच्या बहुभुजाचे कोपरे, आणि पुढच्या ६, १२ आणि १८ तासांचा अंदाज. उंची ‘एफएल’ नंतरच्या आकड्यात, शंभर फुटांच्या मापात. एफएल४५० म्हणजे ४५,००० फूट, साधारण १३.७ किमी. बहुभुज नकाशावर काढा आणि तुमच्या गुलाबी डागाशी ताडून पाहा. जुळला नाही तर बहुधा तुमचंच चुकलं असेल, त्यांच्यासमोर तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. कधीकधी त्यांच्या संदेशात चक्क ‘ढगांमुळे राख दिसत नाही’ असं लिहिलेलं असतं. तो कबुलीजबाब महत्त्वाचा आहे: दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे. एप्रिल २०१०मध्ये आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्लमुळे युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिलं आणि सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली, तेव्हा वाद याचाच होता, की किती पातळ राख चालेल. घरबसल्या चित्र पाहून कुणाला ‘विमान सुरक्षित आहे’ असं सांगायच्या भानगडीत पडू नका.

सरावासाठी रायकोके

चालू उद्रेकावर हात साफ करण्याआधी जुना घ्या, उत्तर माहीत असलेला. रायकोके चांगला: उत्तर अक्षांश ४८.३, पूर्व रेखांश १५३.२५, निर्मनुष्य बेट, आणि १९२४नंतर थेट २०१९मध्ये जागा झालेला.

वर्ल्डव्ह्यूत २२ जून २०१९ टाका. पांढऱ्या ढगांच्या चादरीवर तपकिरी लोट सापडेल. अवकाश स्थानकातूनही त्याच दिवशी त्याचा फोटो काढला गेला: सरळ दांडा, वर सपाट पसरलेली छत्री, आणि दांड्याच्या तळाशी पांढऱ्या वाफेचं कडं. मग हिमावारीच्या जुन्या साठ्यातून २१ जून यूटीसी १७:०० ते २२ जून ०६:०० फिरवा आणि किती वेगवेगळे स्फोट मोजता येतात ते पाहा. हिमावारी १४०.७ पूर्व रेखांशावर, म्हणजे १३ किमी उंचीचा लोट डोंगरापासून सुमारे २० किमी उत्तरेकडे, किंचित पूर्वेला सरकलेला दिसायला हवा. पट्टी लावून खात्री करा.

त्यानंतर सेंटिनेल-५पीचे पुढचे पाच-सहा दिवस एकेक करून उघडा. उत्तर पॅसिफिकमधल्या एका वादळाने तो वायू ओढून घेतला, गुंडाळला आणि त्याचे लांब तंतू काढले. त्या तंतूंतल्या कुठल्या भागात ‘अ‍ॅश’ चित्राचा गुलाबी रंग अजून टिकून आहे आणि कुठे नुसता हिरवा उरलाय, ते वहीत तारीखवार लिहून ठेवा. प्रत्येक चित्राच्या नावात उपग्रह, लेअर आणि यूटीसी वेळ टाकायला विसरू नका. नाहीतर महिनाभराने तुमच्याच संगणकात वीस गुलाबी चित्रं असतील आणि कुठलं कुठलं हे तुम्हालाही सांगता येणार नाही.